गाडी सोमवारी सुटते

पॅसाडेना, कॅलिफोर्निया
बुधवार, ८ मे १९५७

प्रिय एल्डन,

तू बरा असशील, अंगावर उबदार कपडे असतील आणि दोन वेळचं वेळेवर मिळत असेल, असं धरून चालते. तिकडे मे महिन्यातही आभाळ भरलेलंच असतं म्हणे. आमच्याकडे सगळं ठीक आहे. इतकी वर्षं आपल्या स्वयंपाकघरात राबलेल्या हेस्टरचे गुडघे तेवढे ठीक नाहीत, पण तिला तसं म्हटलेलं चालत नाही. जिन्यावरून उतरताना ती मोठ्यानं गाणं म्हणते, म्हणजे कण्हणं ऐकू जात नाही. आम्ही सगळे गाण्याचं कौतुक करतो.

अक्षर ओळखलंस ना? नसशील तर शेवटी सही बघ, आणि मग हवं तर पत्र चुलीत घाल. पण बघ, आधी वाचून होतंय का.

पत्ता कुठून मिळाला, हा प्रश्न तुला पडला असेल. हेस्टरला दोष देऊ नकोस. दर नाताळला तू तिला कार्ड पाठवतोस हे मला ठाऊक होतं. टपाल आलं की त्या दिवशी तिच्या हातचा केक हमखास करपतो. इतकी वर्षं तिनं ते कुणाला दाखवलं नाही. गेल्या महिन्यात मात्र तुझं कार्ड साखरेच्या भांड्याखाली सापडलं, पत्त्याची बाजू वर. मी विचारलं, ‘हेस्टर, हे इथे कसं?’ तर म्हणाली, ‘भांडं हलत होतं. खाली काहीतरी द्यायला नको?’

तू होड्या बांधतोस, हे मला त्या कार्डावरूनच कळलं. बराच वेळ मी ते हातात धरून बसले होते. होड्याच का, असं विचारणार नाही. मला वाटतं, मला कळलं.

आता बातम्या. गेल्या उन्हाळ्यात आपल्या घरात सिनेमाचं शूटिंग झालं. खरंच सांगते, हसू नकोस. स्टुडिओच्या माणसांना बाहेरचा मोठा पांढरा दरवाजा, आतला जिना आणि जेवणाची खोली हवी होती. मला वाटलं होतं, बाबा त्यांना कुत्रा सोडून हाकलतील. मी फक्त एवढंच म्हटलं, ‘घरात जरा माणसं येतील.’ ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, ‘येऊ देत.’ तेव्हाच मला काहीतरी समजायला हवं होतं.

सिनेमाचं नाव लिहीत नाही, फार भडक आहे. गोष्ट एका तेलवाल्या श्रीमंत घराण्याची. बाप कडक, आई वारलेली, एक मुलगा दारुडा, एक गुणी, आणि मुलगी अशी की विचारू नकोस. दोनदा लग्न मोडते, घोडा घेऊन दिवाणखान्यात शिरते आणि जेवणाच्या टेबलावर बूट घालून नाचते. हेस्टर ते टेबल रोज दोनदा पुसायची आणि त्या नटीला म्हणायची, ‘बाई, या घरातली खरी मुलगी या टेबलावर फक्त वाटाणे सोलते.’ खरं आहे. माझ्यावर सिनेमा काढला असता, तर लोक पंधरा मिनिटांत झोपले असते.

त्या दिवसांत घर कसं झालं होतं, तुला सांगते. सगळीकडे वायरी, दिवे, ओरडाआरडा. आपल्या संत्र्याच्या झाडांवर त्यांनी मेणाची संत्री बांधली, कारण खरी फळं कॅमेऱ्यात फिकी दिसतात! बाबा दोन दिवस झाडाखाली काठी टेकून उभे होते. शेवटी एक मेणाचं संत्रं तोडून त्यांनी दिग्दर्शकाच्या हातात दिलं. ‘खा,’ म्हणाले. मिस्टर लॅथ्रॉप भला माणूस. त्यानं खरोखर दात लावून पाहिले. तेव्हापासून बाबांसाठी कॅमेऱ्यामागे एक कापडी खुर्ची मांडलेली असायची.

जेवणाची खोली पांढरी चमकते म्हणून त्यांनी ती शेवाळी रंगवली. शूटिंग संपल्यावर ते पुन्हा पांढरी करून देणार होते, पण बाबा म्हणाले, राहू दे. आई होती तेव्हा तिनं कितीदा तो रंग मागितला होता, आठवतं? आणि ‘भिंतींना रंग नसतो, भिंतींना चुना असतो,’ असं ते म्हणायचे.

मला त्या गर्दीत सारखं आपलं लहानपण आठवत होतं. जिन्यावर कॅमेऱ्याचे रूळ टाकले, तेव्हा मला चहाच्या तबकावर बसून घसरणारे तुम्ही दोघे दिसलात. तू पुढे, आपला धाकटा टोबी तुझ्या कमरेला मिठी मारून मागे, आणि खाली मी उशा घेऊन उभी. टोबीचा पुढचा दात त्या खालच्या खांबावर आपटून पडला होता. खांबावरची खूण अजून आहे. रंगारी ती बुजवायला निघाला होता, मी त्याला कॉफी प्यायला पाठवलं.

आणि थंडीची ती पहाट आठवते? दव गोठणार असा रेडिओवर निरोप आला, की आईसकट आपण सगळे बागेत. रांगेनं तेलाच्या शेगड्या पेटवायच्या, काळा धूर झाडांवर पांघरायचा. उजाडेपर्यंत सगळ्यांची तोंडं कोळशासारखी. एकदा बाबांनी तुझ्याकडे बघून ‘हा कुणाचा पोरगा?’ असं विचारलं होतं आणि तू खरंच रडायला लागलास. मग त्यांनी तुला खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत तसेच चालत आले. मला वाटतं, त्या दिवसाइतके सुखी आपण नंतर नव्हतो. झाडं वाचली होती, आणि आई स्वयंपाकघरात काळ्या तोंडानं धिरडी उलटत होती.

हे सगळं का लिहितेय? वेळ काढतेय, एल्डन. पुढे जे लिहायचंय, त्याच्या आधी थोडं इकडचं तिकडचं करतेय.

शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलाचा प्रसंग होता. मी तो आधी वाचला नव्हता. वाचला असता, तर बाबांना त्या दिवशी बागेत घेऊन गेले असते. प्रसंग असा : सगळे जेवताहेत, आणि बाप मोठ्या मुलाला म्हणतो, ‘माझ्या घरातून चालता हो.’ मुलगा उठतो, कोट घेतो, जातो.

तुझी खुर्ची होती, तीच. लॅथ्रॉपला कोण सांगणार?

बापाचं काम करणारे मिस्टर गॉडवीन रंगभूमीवरचे जुने नट. त्यांनी ते वाक्य गर्जून म्हटलं, टेबलावर मूठ आपटली, आणि दाराकडे बोट रोखून उभे राहिले. लॅथ्रॉपला पटेना. पुन्हा केलं. मग एकदा खुर्ची मागे पाडून केलं. मग एकदा डोळ्यांत पाणी आणून. दर वेळी तो पोरगा कोट घेऊन बाहेर जायचा आणि परत येऊन तुझ्या खुर्चीत बसायचा. मी दाराशी उभी होते. बाबांकडे बघायची हिंमत होईना.

शेवटी गॉडवीन थकून म्हणाले, ‘असं बोलल्यावर हा माणूस करतो तरी काय? मला ते समजत नाहीये.’

‘जेवतो,’ बाबा म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले.

‘तो दाराकडे बघत नाही. ताटाकडे बघतो. समोर बटाटे असतात, ते एकेक करून सगळे संपवतो. तुम्ही ओरडताय कशाला? अशी गोष्ट ओरडून बोलत नाहीत. मीठ मागतात ना, तशा आवाजात बोलतात.’

‘आणि मग?’ लॅथ्रॉपनं हळूच विचारलं.

‘मग काय? चावत राहतो. म्हणजे तो कान देऊन ऐकतोय, हे कुणाला कळू नये. बाहेर गाडी सुरू होते. ती फाटकाशी थांबते का, हे ऐकत असतो.’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘थांबत नाही.’

आणि ते बसले. शिडीवर उभा असलेला दिव्यांचा माणूस, त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

पुढच्या खेपेला गॉडवीननी तसंच केलं. मीठ मागितल्यासारखं म्हणाले, आणि बटाटे खात राहिले. सिनेमात तेच आहे. लोक म्हणतात, सगळ्या चित्रात तेवढीच जागा खरी वाटते.

मी त्या संध्याकाळी टेबलाशी होते, एल्डन. ‘समुद्रानं चुकीचा मुलगा परत केला,’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आणि तू गेल्यावर त्यांना जेवतानाही पाहिलं. त्या दिवसापासून मी त्यांना दगड समजत आले. अकरा वर्षं एका दगडाला सकाळी अंडं आणि संध्याकाळी सूप वाढलं. ते ऐकत होते, हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून त्यांचा गुन्हा कमी होतो असं मी म्हणत नाही. तुला ठाऊक नसणार, म्हणून कळवतेय एवढंच.

शिडीवरच्या माणसाचं नाव एम्मेट पुर्डी. त्याच्याबद्दल वेगळं पत्र लिहायचं ठरवलं होतं, पण आता आलाच आहे तर सांगून टाकते. विधुर आहे, अठ्ठेचाळीस वर्षांचा, थोडा तोतरा. दिवे लावताना मला खिडकीत उभं करायचा, कारण नटीची उंची माझ्याएवढी होती. ‘हलू नका, मिस हॅव्हरस्टॉक,’ म्हणायचा आणि अर्धा अर्धा तास माझ्यावर उजेड टाकून बघत बसायचा. शूटिंग संपलं तरी त्याचं दर रविवारी येणं थांबलं नाही. येत्या २२ जूनला आम्ही लग्न करतोय. बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘दिवे लावणारा?’ मी म्हटलं, ‘हो. या घरात इतक्या वर्षांनी उजेड पडला, तो त्यानंच पाडलाय.’ तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एम्मेटला विचारलं, ‘माझ्या वाचायच्या खोलीतला दिवा फडफडतो, त्याचं काय?’

तेव्हा जूननंतर मी या घरात नसेन. तू येऊन माझी जागा घ्यावीस म्हणून हे सांगत नाहीये. कुणाच्याही भावानं ती घेऊ नये. पण मी इथे आपणहून राहिले असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. तुला काढून टाकलं आणि मला ठेवून घेतलं. दोन्ही त्यांनीच केलं. कधीकधी मला वाटायचं, तुझंच बरं झालं.

हं. आता गेल्या शनिवारचं.

सिनेमा इथे लागलाय. बाबा आजवर आपणहून सिनेमाला गेलेले मला आठवत नाहीत, पण त्यांनी नवी हॅट घातली आणि आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. थिएटर भरलं होतं. आपला जिना पडद्यावर आला तशी लोकांनी ‘वा!’ केलं, आणि बाबांनी छाती थोडी पुढे काढली. टेबलाच्या प्रसंगाला ते अगदी स्थिर बसले. माझा हात मात्र घट्ट धरला होता. त्यांनी माझा हात धरायची मला सवय नाही, त्यामुळे मला सिनेमा काही दिसला नाही.

शेवटी काय होतं माहितेय? वादळ. वीज. दारावर थाप. मुलगा परत आलाय, चिंब भिजलेला. ‘बाबा, मला क्षमा करा!’ बाप त्याला मिठीत घेतो, व्हायोलिनं सुरू होतात, सगळ्या बायका रुमाल काढतात.

आणि बाबा भर अंधारात, खणखणीत आवाजात म्हणाले, ‘खोटं आहे हे!’

मागची बाई म्हणाली, ‘आजोबा, गप्प बसा. आम्ही तिकीट काढलंय.’

‘मी घर दिलंय!’ बाबा म्हणाले.

मला हसूही आवरेना आणि रडूही. त्यांना कसंबसं बाहेर काढलं. घरी आल्यावर हॅटसकट त्या शेवाळी खोलीत बसले आणि म्हणाले, ‘क्षमा तो का मागेल? त्यानं काय केलं होतं?’

मी त्यांच्या डोक्यावरची हॅट काढून टेबलावर ठेवली.

‘लाटेनं होडी उलटली. पोरगा रात्रभर पाण्यात टोबीला शोधत होता. किनाऱ्यावर आणला तेव्हा त्याच्या हातांची कातडी निघाली होती. मी पाहिले होते ते हात. आणि नंतर मी ते बोललो.’

‘हो, बाबा.’

‘तो येणार नाही.’

‘नाही येणार.’

‘त्याच्या जागी मी असतो, तर मीही आलो नसतो.’

मला वाटलं, एवढंच. रविवारी सकाळी खाली उतरले, तर ते टोस्टला लोणी लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ओरेगनला जाणारी गाडी कुठून सुटते?’

‘ओरेगनला कशाला?’

‘विनी, तू मूर्ख नाहीस. उगाच सोंग आणू नकोस.’

‘पण तुम्हाला पत्ता कुठे माहितेय?’

त्यांनी साखरेचं भांडं उचललं. हेस्टर स्वयंपाकघरात मोठ्यानं गाऊ लागली.

तर एल्डन, ही गोष्ट मी पहिल्या ओळीत लिहायला हवी होती. भीती वाटली, की ती वाचून तू बाकीचं वाचणारच नाहीस. बाबांनी सोमवारचं, १३ तारखेचं तिकीट काढलंय. मंगळवारी संध्याकाळी ते पोर्टलंडला उतरतील, आणि तिथून बसनं तुझ्या गावी येणार आहेत. वय एकोणऐंशी. फाटकापर्यंत चालले तरी त्यांना दोनदा थांबावं लागतं. मी बरोबर येते म्हटलं, तर म्हणाले, ‘ते बोलताना तू होतीस म्हणून हे बोलतानाही हवीस, असा काही नियम आहे का?’ तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. त्यांचं म्हणणं, तुला आधी कळलं तर तुला तयारी करावी लागेल, आणि तयारी करायची पाळी त्यांची आहे.

मी आयुष्यात प्रथमच त्यांची आज्ञा मोडतेय. दार उघडायचं की नाही, हे तू आधीच ठरव, अनोळखी दारात उभं राहून त्यांना ते कळायला नको. तुझा राग मला ठाऊक आहे. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही, आणि त्यांच्या वतीनं काही मागणारही नाही. तुला नको असेल, तर रविवारपर्यंत माझ्या नावानं तार कर. मी काहीही करीन, किल्ल्या लपवीन, आजारी पडेन, पण त्यांना गाडीत बसू देणार नाही. आणि तू तार केली होतीस, हे त्यांना कधीच कळणार नाही.

तार आली नाही, तर सोमवारी सकाळी मी त्यांना बसवून देते.

हेस्टर विचारतेय, कार्डाच्या खाली तू जी लहान मुलीनं काढल्यासारखी मासोळी काढतोस, ती खरंच लहान मुलीनं काढलेली असते का? मी तिला म्हटलं, असलं काही पत्रात विचारत नाहीत. तरी विचारलंच.

तारवाला पोऱ्या फाटकाशी दिसला की दर वेळी तो न थांबता पुढे जावा अशी प्रार्थना करणारी

तुझी बहीण
विनी

❖

ॲस्टोरिया, ओरेगन
रविवार, २ जून १९५७

प्रिय विनी,

ते पोचले, एवढी तार तुला मी त्याच आठवड्यात केली होती. त्याहून जास्त लिहायला इतके दिवस लागले. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. लाकूड असतं तर बरं झालं असतं.

हेस्टरला सांग, मासोळी कायसा काढते. ती सहा वर्षांची आहे. तिच्या आईचं नाव आईली. तिची माणसं फिनलंडची, इथल्या मासे डब्यात भरायच्या कारखान्यात असतात. हे मी तुम्हाला कळवायला हवं होतं.

खरं सांगतो, मी तार करायला गेलो होतो. शुक्रवारी. कागदावर ‘नको’ एवढंच लिहिलं आणि खिडकीत सरकवलं. तिथली बाई म्हणाली, ‘एक शब्द पाठवा नाहीतर दहा, दर एकच आहे. अजून नऊ लिहा, उगाच वाया कशाला घालवता?’ मी कागद परत घेतला आणि उभा राहिलो. मागे रांग लागली. नऊ शब्द सापडेनात, विनी. ‘नको’च्या पुढे लिहिण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी कागद चुरगळून खिशात घातला आणि घरी आलो. आईलीला वाटलं, कुणीतरी मेलं.

मंगळवारी पोर्टलंडला गेलो. जाईन असं ठरवलं नव्हतं. गाडीत पेट्रोल भरलं आणि वळण आलं तिथे वळलो. फलाटाच्या पार टोकाला, सामानाच्या ढकलगाडीआड उभा राहिलो. वाटलं, बघू आणि निघून जाऊ. ते उतरले. मी त्यांना ओळखलंच नाही. माझ्या डोक्यात तो धिप्पाड माणूस होता, आणि हे कुणी म्हातारे गृहस्थ स्वतःच्या हॅटखाली हरवलेले. हमाल पुढे आला, त्याला काठीनं बाजूला केलं. दोन्ही हातांत संत्र्यांची लाकडी पेटी, काठी काखेत. चार पावलं टाकायचे आणि थांबायचे. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

मी कधी चालायला लागलो ते आठवत नाही. समोर गेलो. त्यांनी वर पाहिलं. मी काहीही ऐकायला तयार होतो.

‘ही धर,’ ते म्हणाले. ‘जड आहे.’

मी धरली. आम्ही गाडीपर्यंत गेलो. मी पेटी मागच्या सीटवर ठेवली. नदी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, ‘खरी आहेत. मेणाची नाहीत.’ मला वाटलं, म्हातारपणामुळे काहीतरी बरळताहेत. मग तुझं पत्र आठवलं आणि मी हसलो. ते हसले नाहीत. पण जरा नीट टेकून बसले.

कायसा दारात उभी होती. ‘ही कोण?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तिच्यासाठी हॅट काढली, एखाद्या मोठ्या बाईसाठी काढावी तशी. आईलीनं त्यांना खुर्ची दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘तुझ्या गोष्टींतला माणूस मोठा होता.’

रात्री तापानं त्यांचं अंग फणफणलं, चार दिवस ते उठले नाहीत. आता बरे आहेत. सकाळी माझ्या शेडमध्ये येऊन ओंडक्यावर बसतात आणि मी काम कसं चुकीचं करतो ते सांगतात. परवा एका अर्धवट होडीच्या कडेवरून हात फिरवत विचारलं, ‘ही उलटेल का?’ मी म्हटलं, ‘कुठलीही उलटू शकते, बाबा.’ त्यांनी मान हलवली. बराच वेळ हात तिथेच होता. अकरा वर्षांत टोबीबद्दल आम्ही बोललो ते एवढंच. पण बोललो.

तुझ्या लग्नाला आम्ही चौघे येतोय. मी त्या घरात पाय ठेवणार नाही असं एकदा म्हणालो होतो, तर चर्चपासून सुरुवात करू. त्यांनी आईलीकडून कोटाला इस्त्री करून घेतलीय आणि विचारत होते, त्या दिवेवाल्याला हॅट घालता येते का. परतीची तिकिटं मात्र चारही इथलीच काढायला सांगितली आहेत.

त्याचं कारण असं. इथे येऊन आठवडा झाल्यावर एक दिवस कॉफी पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला. ‘मी तुला एक वाक्य सांगायला आलो होतो,’ म्हणाले. ‘घरून निघताना तयार होतं. गाडीत रात्रभर म्हणून पाहिलं. क्लॅमथ फॉल्स स्टेशनपर्यंत अगदी पाठ होतं. मग एक वेटर आला, कॉफी हवी का विचारायला, आणि गेलं. चांगलं वाक्य होतं, एल्डन.’ ते एवढे घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

‘आठवेल,’ मी म्हटलं. ‘घाई नाही.’

‘आठवल्याशिवाय मी जायचा नाही.’

‘नका जाऊ.’

आता कायसा रोज सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन विचारते, ‘आजोबा, आठवलं?’ आणि ते म्हणतात, ‘अजून नाही.’ मग ती धावत येऊन आम्हाला सांगते, आणि आईली आणखी एक अंडं फोडते. मला वाटतं, त्यांना केव्हाच आठवलंय. मी विचारणार नाही.

सहीआधीचा एक शब्द इतकी वर्षं लिहिला नव्हता, म्हणून हात अडखळतोय. तरी लिहितो.

तुझा भाऊ
एल्डन